सुपारीच्या आदल्या दिवशी

पनवेलला थंडी मुक्कामाला येत नाही. दारात उभी राहते, चहा घेते आणि आपण माळ्यावरून शाल शोधून काढेपर्यंत निघूनही जाते. म्हणून ती आली रे आली की मी कामांना लागते. गाद्यांना ऊन दाखवायचं, तीळ निवडून भाजून ठेवायचे, लोकरीच्या कपड्यांतल्या डांबरगोळ्या बदलायच्या. सगळं क्रमानं लिहून काढते आणि एकेक ओळ खोडत जाते. या वर्षीही तसंच चाललं होतं. काल सकाळी भाजी आणायला खाली उतरले, तर करंजाड्याच्या कोपऱ्यावर वालाच्या शेंगांची या हंगामातली पहिली टोपली दिसली. शेजारी भांबुर्डीच्या पाल्याच्या जुड्या. म्हणजे पोपटीचे, मडक्यात पाला घालून शेंगा भाजायचे दिवस आले.

"घे गो ताय," टोपलीवाली म्हणाली. "मडकं हाय ना घरान?"

मडकं नाही. असतं तरी आमच्या गच्चीवर ते पालथं घालून भोवती पेंढा पेटवायला सोसायटीनं परवानगी दिली नसती. तरी मी शेंगा घेतल्या. पाल्याची एक जुडी उगाच नाकाशी धरली. तो उग्र, ओलसर, हिरवा वास डोक्यात शिरला आणि हातातली पिशवी, पुढची कामं, रिक्षांचे हॉर्न सगळं कुठेतरी दूर जाऊन बसलं. मी बराच वेळ त्या कोपऱ्यावर नुसती उभी होते. असं माझ्याकडून सहसा होत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीचा एक हिवाळा आहे. मी मनात त्याला कुसुमचा हिवाळा म्हणते.

आम्ही तिघी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कुसुम रोडपालीची. आता रोडपाली म्हटलं की लोक सेक्टरचा नंबर विचारतात. तेव्हा तिथे भाताची खाचरं होती, खाचरांपलीकडे खाजण, आणि खाजणाला टेकून खाडी. कुसुमच्या अंगाला त्या मोकळ्या जागेचा गुण होता. ती कधी घाई करायची नाही. दुसरी रेहाना, पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातली. तिच्या घरची बेकरी होती, त्यामुळे तिच्या वह्यांनाही नानकटाईचा वास यायचा. आणि मी. गाडी किती वाजता, डबे कोणी आणायचे, जर्नल कधी पुरं करायचं हे ठरवणारी. रेहाना मला टाइमटेबल म्हणायची. "ए टाइमटेबल, आता हसायचा तास आहे का गं?" असं भर वर्गात विचारायची.

कुसुम वर्गात 'नाही' म्हणायची आणि कळंबोली फाट्यावर उतरली की 'नाय'. दोन्ही तिला सारखंच शोभायचं. तिचा एक सराव पाठ मला अजून दिसतो. विषय दिशा. आम्ही सगळ्यांनी तक्ते केले होते, बाण रंगवले होते. कुसुम हात हलवत आली आणि पोरांना घेऊन सरळ मैदानात गेली. म्हणाली, "डोळे मिटा. तोंडावर खारट वारा कुठून लागतो? ती पश्चिम." डोळे मिटलेली ती सगळी पोरं, वर केलेल्या हनुवट्या, वाऱ्यानं उडणारे केस. परीक्षक बाई वहीत काही लिहायचंच विसरल्या. त्यांनीही डोळे मिटले होते. पाठ संपल्यावर एक लहानगी कुसुमच्या साडीचा पदर सोडेना.

शिकवणं हे आम्हा दोघींसाठी नोकरी होती. कुसुमसाठी ते काय होतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग जानेवारीत तिचं लग्न ठरत आलं. मुलगा त्यांच्याच लोकांतला, उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावचा, मोरेश्वर नावाचा. बंदरावर कामाला, घरची होडी. माणसं चांगली, असं सगळेच सांगत होते. मुलगी बघून झाली होती; बघायला फक्त पुरुष मंडळीच आली होती. तिनं खाली मान घालून चहा दिला होता आणि पाहुण्यांच्या पायांतल्या चपला तेवढ्या नीट पाहिल्या होत्या. आता सुपारी फोडायची राहिली होती. त्यांच्यात सुपारी फुटली की शब्द झाला. त्यानंतर मुलीनं नाही म्हणणं म्हणजे दोन गावांत बापाला मान वर करायला जागा नाही.

कुसुमला लग्नाची ना नव्हती. तिला एकच गोष्ट कळायला हवी होती: लग्नानंतर शाळेत शिकवू देतील का?

तिनं वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, "असं आदी कुनी इचारतं काय? सुपारी होऊ दे, मंग बघू."

हे 'मंग बघू' आमच्या पिढीतल्या मुलींनी फार ऐकलं. तो नकार नसायचा, होकारही नसायचा. एक पडदा असायचा, आणि त्याच्या पलीकडे आपलं आयुष्य कोणीतरी आवरून ठेवत असायचं.

वाट काढली ती कुसुमच्या वहिनीनं. सुपारीच्या दोन दिवस आधी तिनं चुलीशी बसून हळूच सांगितलं, "पोरगा नि त्याची आय वाशीच्या जत्रेन गाला लावून बसल्यात. जालीबिली, शिंपल्यांची तोरनं. जा नि बघून ये. घरान मी सांगतंय, कालेजला जादा तास हाय."

जत्रा म्हणजे हस्तकलेचा मेळावा. देशभरातले कारागीर यायचे. आम्ही जायचं ठरवलं, आणि दिवस मिळाला तो नेमका सुपारीच्या आदला. अर्थात आखणी मी केली. कोणत्या एस.टी.नं जायचं, गाळ्यासमोर कोणी कुठे उभं राहायचं, मुलाला काय काय विचारायचं. कुसुमनं फक्त मागे उभं राहून बघायचं, ओढणी डोक्यावरून घेऊन. विचारणार रेहाना, कारण तिला लाज नावाची गोष्ट देवानं दिलीच नव्हती.

"विचारेन की," रेहाना म्हणाली. "पण तो मलाच पसंत करून बसला तर?"

"तर घेऊन जा," कुसुम म्हणाली. "पाव आणि बोंबील, जमेल तुमचं."

त्या सकाळसारखं धुकं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. स्टँडवरून निघालेली आमची गाडी जणू दुधातून चालली होती. कळंबोली फाट्याला कंडक्टरनं घंटी दिली, गाडी थांबली, आणि धुक्यातून आधी एक पिवळी ओढणी आली, मग कुसुम. खारघरच्या डोंगराचा फक्त माथा दिसत होता, अधांतरी. खाली काही नाही. रस्त्याच्या कडेला कुठेतरी कोणी गवत पेटवलं होतं, त्याचा धूर धुक्यात मिसळून गाडीत येत होता. खिडकीची काच बंद होत नव्हती. आम्ही तिघी एकाच शालीत शिरलो होतो. मधेच रेहानानं कागदाच्या पुडीतून गरम खारी काढून दोघींच्या हातांवर ठेवली. तिचा चुरा अंगावर पडत राहिला. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या दिवशी कुठे पोचलोच नसतो, गाडी नुसती चालतच राहिली असती, तरी मला ते चाललं असतं.

पण पोचलो. धुकं विरलं आणि एकदम रंग आले.

मेळाव्याच्या मैदानावर इतकी गर्दी होती की आपण चालत नव्हतो, नेले जात होतो. एका बाजूला कच्छी भरतकाम, त्यातले आरसे उन्हात असे चमकत होते की माणसांच्या चेहऱ्यांवर कवडसे नाचत होते. पुढे मातीचे घोडे, लहानापासून माणसाच्या उंचीपर्यंत, सगळे कान टवकारून एकाच दिशेला बघणारे. लाखेच्या बांगड्यांच्या गाळ्यावर कोळशाची शेगडी, वितळत्या लाखेचा गोडसर वास. नव्या चटयांचा गवती वास. एक म्हातारा बासऱ्या विकत होता आणि विकता विकता वाजवत होता; गिऱ्हाईक आलं तरी सूर पुरा केल्याशिवाय थांबत नव्हता. मी ठरवून आले होते की आधी काम, मग फिरणं. पण पाय ऐकेनात. मातीच्या घोड्यांपाशी तर आम्ही किती वेळ काढला, सांगता येत नाही. रेहाना प्रत्येक घोड्याला आमच्या एकेका प्राध्यापकाचं नाव देत होती. कुसुम हसत होती, पण तिची नजर गर्दीवरून पुढे, गाळ्यांच्या पाट्यांवर.

मग आम्हाला जाळी दिसली. गाळ्याच्या छतापासून खाली सोडलेली, पांढरी, निळी, एक जुनं चिंचोक्याच्या रंगाचं. त्यांच्यातून येणारं ऊन जमिनीवर चौकोन चौकोन होऊन पडलं होतं. त्या चौकोनांत एक तरुण मांडी घालून बसला होता आणि लाकडी सुईनं जाळं विणत होता. सावळा, रुंद खांद्यांचा, नव्या शर्टात अवघडलेला. शर्टाच्या खिशाला कंगवा. वहिनीनं सांगितल्याप्रमाणे डाव्या भुवईवर जुना वण. तोच मोरेश्वर.

मी कुसुमकडे पाहिलं. तिनं ओढणी पुढे ओढली आणि शेजारच्या बांगड्यांच्या गाळ्याकडे तोंड फिरवलं. रेहाना पुढे झाली.

"भाऊ, हे कसलं जाळं?"

"पाग हाय. फेकायचा."

"आम्हाला भिंतीवर लावायचंय."

"मंग भिंतीवर फेका."

"मासे नाही ना मिळणार!"

"पाल मिलंल एखादी," तो मान वर न करता म्हणाला, आणि भोवतीची गर्दी हसली. मलाही हसू आलं. मी मनातल्या मनात त्याला पहिला गुण दिला.

रेहाना हटली नाही. "घरी कोण कोण असतं?"

"आय, बाबा, मोठे काका, आजा." मग त्यानं वर पाहिलं. "ताय, तुमाला जाल घ्यायचाय का शिरगनती करायची हाय?"

"लग्न झालंय?"

त्याची सुई थांबली. कानाच्या पाळ्या तांबूस झाल्या. "व्हनार हाय."

"मुलगी कशी आहे?"

"मी कुठं बघली? ती चहा देत व्हती नि मी कपबशी बघत व्हतो." पुन्हा हशा झाला. तो जरा थांबून म्हणाला, "शिकलेली हाय पन. मास्तरीन व्हनार."

"होऊ द्याल तिला मास्तरीण?"

"मना काय? मना आवडंल." त्यानं मागच्या पडद्याकडे हनुवटी केली. "पन घरान आय नि काका ठरवतात. ते पुसा तिला."

रेहानानं वळून मला डोळा मारला. पास. मीही खूश. विनोदी आहे, लाजतो, खोटं बोलत नाही, दारूचा वास नाही. आता हे सगळं कुसुमच्या कानात घालायचं म्हणून मी मागे वळले.

कुसुम नव्हती.

बांगड्यांच्या गाळ्याशी नव्हती, घोड्यांपाशी नव्हती, पाण्याच्या टाकीजवळ नव्हती. त्या दिवशी पिवळ्या ओढण्या किती होत्या म्हणून सांगू! प्रत्येक ओढणीमागे मी धावले आणि प्रत्येक वेळी कोणीतरी परकीच मुलगी वळून माझ्याकडे बघायची. मला आठवतं, पाय गर्दीत धावत होते आणि मन मात्र पाण्याखाली असावं तसं शांत, बहिरं झालं होतं. भोंग्यावरून हरवलेल्या मुलांची नावं पुकारली जात होती. बासरी चालूच होती. कुसुम पळून गेली असेल का, असंही मनात आलं. तिला मुलगा आवडला नसेल आणि ती एकटीच गाडीत बसून निघून गेली असेल.

हिंडून हिंडून आम्ही पुन्हा जाळ्यांच्या गाळ्याशी आलो, आणि रेहाना थबकली. "ऐक," ती म्हणाली. गाळ्याच्या मागच्या पडद्याआडून हसण्याचा आवाज येत होता. कुसुमचाच.

आम्ही बाजूनं वळसा घालून मागे गेलो. पडद्यामागे पोत्यावर एक बाई बसल्या होत्या. घट्ट नेसलेलं हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, वर्षानुवर्षं टोपली वाहून डोक्याच्या मध्यावर विरळ झालेले केस. समोर शिंपल्यांचा ढीग. आणि ढिगाच्या अलीकडे, मांडी घालून, कुसुम. दोघी शिंपले दोऱ्यात ओवत होत्या. ही मोरेश्वरची आई, चांगुणाबाई. नंतर कुसुमनं सांगितलं की ती मुलाला बघायला आलीच नव्हती. लग्न त्याच्याशी होणार, पण दिवसाचे सगळे तास आपण ज्या बाईजवळ काढणार तिला बघायला ती आली होती. एवढ्या आखणीत ही गोष्ट मला सुचली नव्हती.

कुसुम पाणी मागायच्या निमित्तानं मागे गेली होती. बाईंनी पाणी दिलं, सोबत चिमूटभर गूळ दिला, आणि बसवून घेतलं. कोण, कुठली, काही विचारलं नव्हतं. आता पोटातलं सांगत होत्या. आम्हाला बघून कुसुमनं डोळ्यांनीच गप्प राहायची खूण केली.

"उद्या सुपारी हाय माझ्या पोराची," चांगुणाबाई म्हणत होत्या. "पोरगी लय शिकलेली हाय. मना भ्या वाटतं गो. आमचं घर खाडीवर. मासलीचा वास हाय. तिना नाक मुरडलं तं?"

"नाय मुरडनार, मावशी," कुसुम म्हणाली.

"तुना काय ठाव?" बाई हसल्या. मग शिंपला हातातच धरून थांबल्या. "उभा जन्म टोपली डोईवर घेऊन दारोदार फिरली मी. उन्हान, पावसान. पोटुशी व्हती तवा पन. लोकांच्या दारान उभं रायचं, भावावरनं ऐकून घ्यायचं. तवाच मी ठरवलं. माझी सून उंबऱ्याभायेर पाय टाकनार नाय. तिना मी रानीसारकी बसवनार. शालाबिला काय नाय, नोकरीचा तरास नाय. मी हाय ना राबायला."

किती प्रेमानं म्हणाल्या! त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. रेहानानं माझा हात दाबला. तिला वाटलं, वा, काय सासू मिळाली. मी मात्र कुसुमकडे पाहत होते. तिचा चेहरा हळूहळू विझत गेला. कोणी रागानं नाही म्हटलं असतं तर तिला भांडता आलं असतं. हे तर दोन्ही हातांनी पुढे केलेलं ताट होतं, आणि ते तिला परत करायचं होतं.

ती उठून येऊ शकली असती. घरी जाऊन वडिलांपुढे रडू शकली असती. तिनं हातातली माळ पुरी केली, गाठ मारली आणि ती बाईंच्या मांडीवर ठेवली.

"मावशी, रोडपालीची ती पोरगी मीच हाय."

चांगुणाबाईंच्या मांडीवरून माळ घसरली. त्यांनी आधी डोक्यावर पदर घेतला. का, कोण जाणे.

"मना शिकवायचं हाय," कुसुम म्हणाली. "हौस म्हनून नाय. पोरं समोर बसली की मना वाटतं, मी यासाठीच हाय. तुमी मना घरान बसवलं तं मी बसंन, पन मी हसनार नाय. मंग तुमालाच वाईट वाटंल."

चांगुणाबाईंनी घसरलेली माळ उचलून पुन्हा मांडीवर घेतली. पडद्यापलीकडे मोरेश्वर कोणाला तरी जाळ्याची किंमत सांगत होता.

"रोज जायाचं?" शेवटी बाईंनी विचारलं.

"रोज."

"उन्हान?"

"शालेला कौलं असतात, मावशी."

"नि पावसान?"

"छत्री हाय माझी."

बाईंना हसू फुटलं आणि लगेच मावळलं. "माझं एक ठीक हाय गो," त्या म्हणाल्या. "काका नाय ऐकनार. घरची सून पगारावर धाडली म्हंजे आमी उपाशी मरतो काय, असं लोक बोलतील, म्हनंल. आजवर त्याच्यापुढं कुनी तोंड उघडलं नाय. मंग उद्या... आमी येऊ का नको?"

कुसुमनं त्यांचा हात हातात घेतला. "यायचं तं हे ठरवून या. नाय जमलं तं नका येऊ. मी रागावनार नाय, मावशी. देवाशप्पत नाय रागावनार."

परतीच्या गाडीत उन्हं कलली होती. खाडीवर सोनेरी पाणी पसरलं होतं आणि त्यात बगळे एका पायावर उभे होते. रेहाना भडकली होती. "पागल आहेस तू! अशी सास लाखात एक. आधी लग्न करायचं, मग हळूहळू मनवायचं. सगळ्या तेच करतात."

"म्हणूनच नाही करायचं," कुसुम म्हणाली. "तिला फसवून कसं जाऊ तिच्या घरी? तिनं मला गूळ दिला गं."

माझ्याकडे अशा प्रसंगासाठी काही तयार नव्हतं. कुसुम खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत होती. केसांत शिंपल्याचा एक कण अडकून चमकत होता. फाट्यावर उतरताना ती म्हणाली, "उद्या या दोघी. पाहुणे आले नाहीत तर शिरा संपवायला माणसं लागतील."

मला कधी कधी वाटतं, माणसाच्या आयुष्यात खरे दिवस थोडेच असतात. बाकीचे त्यांच्या आजूबाजूला भराव घातल्यासारखे. त्या हिवाळ्यानंतर मी परीक्षा दिली, नोकरी केली, संसार केला, मुलं मोठी केली. सगळं वेळेवर. पण डोळे मिटले की जे आपोआप येतं ते हे: चौकोन चौकोन ऊन, शिंपल्यांचा किणकिण आवाज, आणि एकमेकींना न दुखवता आपापलं सांगू पाहणाऱ्या दोन बायका.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रोडपालीला गेलो तेव्हा अंगण सारवलं होतं. सतरंजी घातली होती. तबकात नारळ, सुपारी, हळदकुंकू, वर जाळीचा रुमाल. कुसुमच्या वडिलांनी घडी मोडून घातलेल्या शर्टावर घडीच्या रेघा तशाच होत्या. गावातली चार मोठी माणसं येऊन बसली. पाहुणे सकाळी येणार होते. सकाळ गेली. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं. वहिनीनं शिरा पुन्हा गरम केला, पुन्हा झाकला. माणसं आधी पिकापाण्याचं बोलत होती, मग जमिनींचं, मग गप्प झाली.

दुपार कलल्यावर वडील आत आले. "कुसुम, तुना काय ठाव हाय काय?"

"हाय," कुसुम म्हणाली. "मी सांगून आलंय त्यांना. शिकवू देनार असलात तं या."

वहिनीनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता हात उठणार. वडिलांचा चेहरा ताठ झाला. "हे कुनी शिकवलं तुना?"

"तुमीच कालेजान घातलंत ना, बाबा."

ते बाहेर गेले आणि बांधावर जाऊन पाठमोरे बसले. त्या पाठीकडे बघवत नव्हतं. अंगणातली माणसं एकेक करून उठायला लागली. खाजणावरून गार वारा सुटला. कुसुम ओटीच्या खांबाला टेकून उभी होती. रडत नव्हती. सकाळपासून केसांत माळलेला अबोलीचा गजरा तिनं काढला, क्षणभर हातात धरला आणि खुंटीला अडकवून ठेवला.

दिवेलागणीच्या सुमाराला बांधावर बसलेले वडील उभे राहिले. कच्च्या रस्त्यावरून एक टेम्पो धूळ उडवत येत होता. हौद्यात माणसं उभी होती. टेम्पो अंगणाशी थांबला. आधी मोरेश्वर उतरला, कालचाच शर्ट, मग त्याचे वडील, मग काठी टेकत आजा. मग एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, कपाळाला आठ्या, कोणाकडेही न बघणारे. हे मोठे काका असणार. सगळ्यांत शेवटी चांगुणाबाई. कालचंच हिरवं लुगडं. चेहरा असा की रात्रभर ताप येऊन गेला असावा.

"उशीर झाला," कुसुमचे वडील पुढे होऊन म्हणाले. "काय अडचन?"

मोरेश्वरनंच मान खाजवली. "आय भांडत व्हती," तो म्हणाला. "काल रातीपासनं काकांशी. जेवली पन नाय. आता घसा बसलाय तिचा."

चांगुणाबाई पुरुषांना ओलांडून सरळ ओटीपाशी आल्या. कुसुम पायरी उतरून खाली आली. बाईंनी तिची हनुवटी धरली आणि बोलायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. खाकरल्या, पुन्हा प्रयत्न केला. खरखरीत, फुटका, जेमतेम ऐकू येईल असा एक आवाज निघाला.

"शालेत जाताना... डबा लागंल ना गो तुना?"

"लागंल," कुसुम म्हणाली.

चांगुणाबाईंनी मान डोलावली. मग वळून त्यांनी मोठ्या काकांकडे पाहिलं, तबकाकडे बोट केलं, आणि मुठीनं हवेतच ठोसा मारून दाखवला: फोडा.